मोडीत न घातलेल्या सात पुतळ्या

गेल्या वर्षी आजीची पुतळ्यांची माळ गाठवून घ्यायची वेळ आली. दोरा जागोजागी विरला होता, गोंड्याचे रेशीम रंग टाकून करडे पडले होते आणि एक पुतळी तर डब्याच्या तळाशी सुटी सापडली. सराफकट्ट्यावरच्या ज्या पेढीत मी माळ घेऊन गेले, तिथल्या वयस्क सोनारकाकांनी ती तबकात पसरली, डोळ्याला भिंग लावून एकेक पुतळी उलटसुलट पाहिली आणि काही न बोलता त्यांचे दोन ढीग केले. एका ढिगात ३४ पुतळ्या होत्या: पातळ, एकसारख्या, लक्ष्मीचा ठसा असलेल्या. दुसऱ्या ढिगात सात. त्या किंचित जाड होत्या, कडेने गुळगुळीत झाल्या होत्या आणि त्यांच्यावर लक्ष्मी नव्हती. काका म्हणाले, “ताई, या फार जुन्या आहेत. सोने एक नंबर आहे, पण ठसा पार झिजलाय. मोड घाला, तेवढ्याच वजनात नव्या देतो, माळ एकसारखी दिसेल.” त्यांनी हे आपुलकीने सांगितले, आणि व्यवहाराच्या दृष्टीने त्यात काही चुकीचे नव्हते.

मी भिंग मागून घेतले. झिजलेल्या ठशात दोन आकृत्या दिसत होत्या, एक उभी आणि एक गुडघे टेकलेली, आणि दोघांच्या मधोमध एक उभी काठी. कडेने अक्षरे होती, पण ती देवनागरी नव्हती, मोडी नव्हती आणि फारसीही नव्हती. ती रोमन होती. एका पुतळीवर ‘आलॉय’ आणि पुढे ‘मोचेनि’ एवढे तरी नक्की लागत होते.

मोड हा शब्द तेव्हापासून माझ्या मनात घर करून राहिला आहे. आपल्या भाषेत बांगडी फुटत नाही, ती ‘वाढते’. मंगळसूत्र तुटले असे कोणी म्हणत नाही, ते ‘वाढवले’ जाते. अंगावरच्या दागिन्याचे तुटणे उच्चारण्याचीसुद्धा भीती बाळगणारी ही भाषा सोने मुशीत घालताना मात्र सरळ ‘मोड’ म्हणते. जगभरच्या दागिन्यांचा इतिहास वाचू लागल्यावर मला असे वाटू लागले आहे की हा इतिहास बव्हंशी मोडीचाच आहे. सोने गंजत नाही, कुजत नाही, जळूनही संपत नाही. आणि नेमक्या याच गुणामुळे सोन्याचा दागिना टिकत नाही. लाकडाची मूर्ती जुनी झाली की तिचे दुसरे काही करता येत नाही. सोन्याच्या दागिन्याचे पुन्हा सगळे काही करता येते, म्हणून प्रत्येक पिढीला तो नवा करून हवा असतो. आज वस्तुसंग्रहालयांच्या काचेआड जे दिसते, ते बहुतेक करून जमिनीखाली गेल्यामुळे किंवा वितळवण्याच्या लायकीचे नसल्यामुळे वाचलेले आहे.

माझ्या त्या सात पुतळ्या व्हेनिसच्या नाण्याच्या जातीच्या होत्या. व्हेनिसने १२८४ साली, जोव्हानी दांदोलो या डोजच्या कारकिर्दीत, डुकाट हे सोन्याचे नाणे पाडायला सुरुवात केली. डोज म्हणजे त्या प्रजासत्ताकाचा निवडलेला प्रमुख. नाण्याच्या एका बाजूला शहराचा रक्षक संत मार्क उभा असतो आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून डोज त्याच्याकडून निशाणाची काठी स्वीकारत असतो; दुसऱ्या बाजूला बदामाच्या आकाराच्या तेजोवलयात ताऱ्यांनी वेढलेला येशू ख्रिस्त असतो. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, म्हणजे आपल्या जुन्या मापात साडेतीन माशांहून थोडे अधिक. एका तोळ्यात तीन डुकाट बसून थोडे सोने उरते. कस त्या काळात शक्य तेवढा शुद्ध. या नाण्याची सर्वांत मोठी करामत अशी की नेपोलियनने १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक संपवेपर्यंत, म्हणजे ५०० वर्षांहून अधिक काळ, त्याचे वजन, कस आणि चित्र जवळजवळ तसेच राहिले. फक्त डोजचे नाव बदलत गेले. माझ्या पुतळीवरचे ‘आलॉय मोचेनि’ म्हणजे अल्व्हिसे मोचेनिगो. या नावाचे चार डोज होऊन गेले, पहिला सोळाव्या शतकात आणि शेवटचा १७६३ ते १७७८ या काळात. माझ्या पुतळीवरचा त्यांतला कोणता, हे त्या झिजलेल्या कडेवरून ठरवणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे.

हे नाणे इकडे कसे आले, याचे उत्तर मिरीत, कापडात आणि निळीत आहे. युरोपला हिंदुस्थानचा माल हवा होता आणि हिंदुस्थानला युरोपातले फारसे काही नको होते; तेव्हा फरक सोन्या-चांदीने भरून काढावा लागे. व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रियाला मिरी घेत आणि डुकाट देत. तेच डुकाट कैरोतून तांबड्या समुद्रात, जेद्दा आणि मोखा या बंदरांत आणि तिथून गुजरात-मलबारच्या किनाऱ्याला उतरत. इजिप्तच्या बाजारात या परक्या नाण्याचा एवढा दबदबा झाला की अल्-अश्रफ बार्स्बाय या मामलुक सुलतानाने १४२५ मध्ये त्याच्याच तोलाचे आपले सोन्याचे नाणे काढले. त्याच्या किताबावरून त्या नाण्याला अश्रफी म्हणू लागले, आणि तो शब्द आपल्या गोष्टींतल्या राजांच्या थैल्यांपर्यंत येऊन पोहोचला. शब्दांचा आणखी एक प्रवास मला फार आवडतो. व्हेनिसच्या टांकसाळीला त्झेक्का म्हणत, आणि हा शब्द अरबी ‘सिक्का’ वरून घेतलेला होता. टांकसाळीवरून नाण्याला त्झेक्कीनो हे नाव पडले, त्याचे फ्रेंचमार्गे सिक्विन झाले, आणि आज लग्नाच्या शालूवर लावायच्या चमचमत्या टिकल्यांना आपण दुकानात सिक्विन म्हणतो. तोच अरबी ‘सिक्का’ फारसीतून मराठीत येऊन शिक्का झाला. एकच शब्द दोन उलट दिशांनी जग फिरून साडीच्या पदरावर आणि कागदाच्या तळाशी येऊन बसला आहे.

आपल्याकडे मात्र या नाण्याला ना डुकाट म्हटले गेले ना त्झेक्कीनो. त्याच्यावर बाहुलीसारख्या छोट्या आकृत्या होत्या, म्हणून ती पुतळी. नाव देणाऱ्यांना संत मार्क ठाऊक नव्हता आणि तो ठाऊक असण्याची गरजही नव्हती. ज्याच्या डोळ्यांना मूर्तीमागची प्रभावळ सवयीची आहे, त्याला ताऱ्यांच्या वलयात उभी असलेली आकृती देवाची आहे हे कोणी सांगावे लागत नाही. दक्षिणेकडे तमिळ-मलयाळी मुलखात लोकांनी त्या काठीला ताडाचे झाड मानले आणि पायथ्याशी टेकलेल्या डोजला ताडावर चढणारा माणूस, आणि नाण्याला नावही त्यावरूनच दिले. पुढे खरे डुकाट पुरेनासे झाले तेव्हा इथल्या सोनारांनी त्यांच्या नकला केल्या. लॅटिन अक्षरे वाचता न येणाऱ्या हाताने ती केवळ रेघा म्हणून उतरवली, पुढच्या हाताने त्या रेघांवरून आणखी रेघा केल्या, आणि काही ठशांत त्या दोन आकृत्यांचे हळूहळू राम-सीता झाले. माझ्या सातांपैकी दोन पुतळ्या अशाच आहेत. त्यांच्या कडेला अक्षरांच्या जागी पावसाच्या धारांसारख्या नुसत्या उभ्या रेघा आहेत. सोनारकाकांच्या मते त्या दोन सर्वांत वाईट. मला त्या दोन सर्वांत प्रिय आहेत, कारण समोरची लिपी कळत नसतानाही तिच्या जागेचा मान राखून ती कोरणारा कोणी कारागीर त्यांत अजून बसलेला आहे.

नाण्यांच्या माळेचा एक गुण इतर दागिन्यांत नाही. तिच्यातले एकेक नाणे सुटे करता येते. आजीची एक लांबट वही होती. तिच्यात दूध, वाणी, पेरणी यांच्या हिशेबांमध्येच पुतळ्यांचाही हिशेब आहे. लग्नात तिला सासरकडून ६० पुतळ्यांची माळ घातली होती. विहिरीसाठी सात गेल्या, धाकट्या काकाच्या शिक्षणासाठी पाच, आणि १९७२ च्या दुष्काळात जनावरांच्या वैरणीसाठी एकदा चार आणि एकदा तीन. प्रत्येक नोंदीपुढे तारीख आहे आणि आलेले पैसे आहेत. बाकी एक शब्दही नाही. उरल्या ४१. गळ्यात घालून मिरवायची वस्तू अडीनडीला पुन्हा नाणे होत असे आणि बाजाराची वाट धरत असे, हे तिला शिकवावे लागले नव्हते. त्या १९ मध्ये व्हेनिसच्या किती होत्या ते वहीत नाही. जड म्हणून पैसे अधिक येत असतील, तर त्याच आधी गेल्या असतील.

आल्ब्रेख्ट ड्यूररची गोष्ट मला या संदर्भात नेहमी आठवते. हा जर्मन चित्रकार सोनाराचा मुलगा होता आणि बापाच्या हाताखाली तेच काम शिकला होता. १५२० च्या ऑगस्टमध्ये ब्रुसेल्सला त्याने मेक्सिकोहून आलेला नजराणा पाहिला: पुरुषभर रुंदीचा सोन्याचा सूर्य, तेवढाच चांदीचा चंद्र, शस्त्रे, वस्त्रे आणि कितीतरी अद्भुत वस्तू. त्याने रोजनिशीत लिहून ठेवले की आयुष्यात इतक्या आनंदाने मन भरून टाकणारे दुसरे काही आपण पाहिले नाही आणि त्या दूरदेशीच्या माणसांच्या सूक्ष्म बुद्धीने आपण थक्क झालो. युरोपात त्या वेळी हे लिहू शकणारा माणूस सोनारकाम जाणणाराच असणार. तो सूर्यही आज नाही आणि तो चंद्रही नाही. पुढे १५३३ मध्ये पेरूतल्या काहामार्का इथे इंका राजा अताहुआल्पा याने सुटकेसाठी एक खोली सोन्याच्या वस्तूंनी भरून दिली, आणि त्याला कैद करणारा स्पॅनिश सेनानी पिसारो याच्या माणसांनी त्या सगळ्या वितळवून कांबी पाडल्या. भट्ट्यांवर काम करायला तिथलेच सोनार बसवले होते. ज्यांच्या हातांनी, ज्यांच्या वाडवडिलांच्या हातांनी ते घडवले, त्यांच्याच हातांनी ते मोडले गेले. राजाला त्यानंतर मारून टाकण्यात आले. इंकांच्या सोनारकामाविषयी आज आपण जे बोलतो ते थडग्यांतून आणि खोल दडवलेल्या जागांतून वाचलेल्या थोड्या वस्तूंवरून बोलतो.

पण एवढ्या दूर जाण्याचे कारण नाही. धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी तेर हे गाव आहे. सातवाहनांच्या काळात ते तगर या नावाने इतके प्रसिद्ध होते की पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाने आपल्या प्रवासवर्णनात, भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि पैठणहून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, असे अंतरासकट लिहून ठेवले आहे. या गावातून रोमन नाण्यांच्या मातीच्या प्रतिकृती मिळाल्या आहेत. रोमन सम्राटाचे डोके उठवलेल्या, भाजलेल्या मातीच्या त्या चकत्यांना ओवण्यासाठी भोके किंवा वर नाके ठेवलेले आहे. म्हणजे २,००० वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या कुणा बाईला किंवा मुलाला परदेशी सोन्याच्या नाण्याची माळ घालायची हौस होती, ऐपत नव्हती, आणि कुंभाराने ती मातीत पुरवली. मला तिथे माझ्या आजीची माळ दिसते. खऱ्या रोमन नाण्यांनाही दक्षिणेत भोके पाडून आणि कड्या लावून गळ्यात घातले जात होते, हे सापडलेल्या नाण्यांवरून दिसते. पण जी सापडली नाहीत ती कितीतरी पट असणार, आणि ती सगळी मुशीत गेली. मातीच्या चकत्या वितळत नाहीत, म्हणून त्या आज साक्ष द्यायला उरल्या.

तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती आहे आणि तिची जवळची बहीण इटलीत आहे. पाँपेई शहर इसवी सन ७९ मध्ये व्हेसूव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. तिथल्या एका घरात १९३८ साली सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती भारतीय स्त्री सापडली. आता ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनलाही अशाच धाटणीची मूर्ती मिळाल्यामुळे तिचे माहेर आपल्याच बाजूचे असावे असे अनेक अभ्यासक मानतात. तिच्या अंगावर वस्त्र जवळजवळ नाही, पण मनगटापासून कोपरापर्यंत भरगच्च कंकणे आहेत, पायांत जाडजूड वाळ्यांच्या चळती आहेत, गळ्यात हार आहेत आणि कमरेला मेखला आहे. ज्या सोन्यावरून हस्तिदंतात ही नक्कल केली ते सोने कधीच गेले, नक्कल राहिली; आणि तीही एक अख्खे शहर मेले म्हणून राहिली. हिंदुस्थान, चीन आणि अरबस्तान आपल्या साम्राज्यातून दर वर्षी दहा कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतात, एवढे आपले शौक आणि आपल्या बायका आपल्याला महागात पडतात, अशी तक्रार करणारा रोमन ग्रंथकार प्लिनी त्याच ज्वालामुखीच्या उद्रेकात मरण पावला. त्याच्या तक्रारीतले थोडे सोने तेरच्या बाजारात आले असेल, आणि त्याच्या देशातल्या त्या घरात तेरच्या बाजूची ती बाई उभी होती.

मोत्यांची गोष्ट निराळी आहे. मोती वितळत नाही, पण तो घामाने, अत्तराने आणि वयाने मरतो. आपल्या नथीतले जुने मोती बसरा मोती म्हणून ओळखले जातात. ते इराणच्या आखातातून मुंबईच्या बाजारात येत आणि तिथून देशावर. नथ आपल्याला इतकी आपली वाटते की अजिंठ्याच्या चित्रांतल्या एकाही स्त्रीच्या नाकात काही नाही, हे पहिल्यांदा लक्षात आल्यावर मी पुस्तकातली पाने पुन्हा पुन्हा उलटून पाहिली होती. कानांत आहे, केसांत आहे, दंडात आहे, कमरेला आहे, नाक मोकळे. पानिपतानंतर महाराष्ट्राला जी बातमी आली तीही दागिन्यांच्याच भाषेत आली, दोन मोत्ये गळाली आणि मोहरा हरवल्या. आणि त्यातले ‘गळाली’ हे क्रियापद तुटलेल्या सरातून ओघळणाऱ्या मोत्यांचे आहे. एवढे मोठे दुःख सांगायला त्या माणसांना सराहून जवळचे काही सुचले नाही.

सर म्हटला की दोरा आला, आणि दागिन्यांच्या इतिहासात दोऱ्याविषयी फार कमी लिहिले जाते. इराकमधल्या उर इथे लेनर्ड वुली यांना १९२० च्या दशकात राणी पुआबीची न लुटलेली कबर मिळाली. सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीच्या त्या राणीच्या अंगावर सोन्याच्या पानांचा मुकुट होता आणि खांद्यांपासून कमरेपर्यंत मण्यांच्या सरांची झूल होती: अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा निळा लाजवर्द आणि लालबुंद अकीक. उरच्या कबरींतले अकिकाचे काही लांबोडके मणी सिंधू संस्कृतीच्या कारागिरांचे आहेत. गुजरातेतल्या खाणींचा फिकट दगड मंद आचेत भाजून लाल करायचा आणि दगडाच्याच टोकाने त्याला आरपार भोक पाडायचे, असे ते काम होते. एका लांब मण्याला कित्येक दिवस लागत. खंबायतला अकिकाचे काम आजही चालते. कबरीत दोरे केव्हाच कुजले होते, पण मणी जिथल्या तिथे पडलेले होते; ती जागा न हलवता, क्रम टिपत टिपत वुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते उचलले, म्हणून सरांची रचना पुन्हा उभी करता आली. नुसते मणी गोळा केले असते तर पिशवीभर दगड मिळाले असते.

आपल्याकडे नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी १९५० च्या दशकात उत्खनन सुरू केले. तिथल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत, ३,००० वर्षांहून जुन्या थरात, एका लहान मुलाच्या दफनात गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या गंजाने मण्यांच्या आतले दोऱ्याचे थोडे तंतू जपून ठेवले होते, आणि तपासणीत त्यांत रेशीम आणि कापूस असल्याची नोंद झाली. सोन्याच्या माळेत असे झाले नसते. सोने गंजत नाही, म्हणून ते दोऱ्याला वाचवतही नाही. मेलेल्या लेकराच्या गळ्यातली माळ काढून न घेता ती तशीच मातीत देणाऱ्या त्या आईबापांचा विचार मी पुष्कळदा करते. तांबे त्या काळी स्वस्त नव्हते. ते मोडीत घालता आले असते.

सोनारकाकांना मी नको म्हणाले. त्यांनी समजूत घातली नाही. सात पुतळ्यांच्या कड्या तेवढ्या तपासल्या, दोन ठिकाणी डाख दिला आणि गल्लीच्या टोकाशी बसणाऱ्या पटवेकऱ्यांकडे पाठवले. पटवेकऱ्यांनी विचारले, या वेगळ्या पुतळ्या मागे मानेकडे घालू का, म्हणजे दिसणार नाहीत. मी त्या मधोमध घालायला सांगितल्या, आणि रेघांच्या दोन त्यांतही मध्ये. ते काम करत होते तोवर मी समोर बसून राहिले. लाल रेशीम मांडीवर पिळून त्यांनी दोन पुतळ्यांमध्ये एकेक गाठ मारत माळ पुरी केली, नवा गोंडा बांधला आणि जुना दोरा बाजूला सारताना सवयीने विचारले, “हा टाकू ना?” मी तो मागून घेतला. आजीच्या वहीत १९७२ च्या नोंदीपुढच्या कोऱ्या पानावर मी सातही पुतळ्यांवर काय काय दिसते ते लिहून ठेवले आहे, आणि दोरा त्याच पानात आहे.